ऑनलाइन दिसतंय, पण रेकॉर्ड होतंय का? व्हिडिओ सर्व्हरच्या वेब कन्सोलचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन. आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना फक्त आकडा हवाय ते मोकळे. चार का दिले नाहीत याचं खरं कारण एकच आहे आणि त्यावर खाली जरा लांबण लावलीय, बाकीच्या गोष्टी पटापट उरकतो कारण त्या आता सगळ्याच कन्सोलमध्ये, म्हणजे सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायच्या पानांत, थोड्याफार सारख्या झाल्यात.

प्रॉडक्टचं नाव लिहीत नाहीये. एकतर यातल्या निम्म्या तक्रारी दुसऱ्या कंपन्यांच्या कन्सोललाही जशाच्या तशा लागू पडतात, आणि दुसरं म्हणजे नाव टाकलं की खाली फक्त ‘आमचं चांगलं की तुमचं’ अशी भांडणं होतात, कामाचं कोणी बोलत नाही.

तर कामाचं स्वरूप असं की वेगवेगळ्या जागी रेकॉर्डिंग सर्व्हर बसवलेत, प्रत्येकावर काही डझन कॅमेरे, आणि हे सगळं एका ठिकाणी बसून ब्राउझरमधून सांभाळायचं. कॅमेरे बघत बसणं हे माझं काम नाही, ते कंट्रोल रूमवाल्यांचं. माझं काम म्हणजे सर्व्हर जिवंत आहेत का, डिस्क भरत आल्यात का, कुठला कॅमेरा पडलाय, कोणाला कुठलं लॉगिन द्यायचं, आणि कोणी फुटेज मागितलं तर ते खरंच आहे का. हा रिव्ह्यू त्या नजरेनेच वाचा. लाइव्ह व्ह्यू किती देखणा आहे हे शोधायला आला असाल तर निराशा होईल.

आधी डेस्कटॉप क्लायंट होता. तो प्रत्येक मशीनवर टाका, सर्व्हर अपग्रेड झाला की क्लायंटही अपग्रेड करा, व्हर्जन जुळलं नाही की लॉगिनच होत नाही, आणि ज्याच्या लॅपटॉपवर तो आहे तोच नेमका सुट्टीवर. त्यामानाने अॅड्रेस टाकला की कन्सोल उघडला हे सुख मोठंच आहे. आणि मुख्य म्हणजे यात प्लगइन, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगळं टाकावं लागणारं सॉफ्टवेअर, नाही. ज्यांनी जुन्या रेकॉर्डरची वेब पानं वापरलीत त्यांना कळेल मी काय म्हणतोय, तो अॅक्टिव्हएक्सचा कंट्रोल (इंटरनेट एक्सप्लोररचा तसलाच प्लगइन) डाउनलोड करा, सिक्युरिटी सेटिंग खाली आणा, पान रिफ्रेश करा, तरी काळा चौकोन. क्रोमने जुने प्लगइन २०१५ मध्ये पूर्ण बंद केले, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर स्वतःच जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, तरी आजही काही लोक एका कोपऱ्यात जुनं विंडोज मशीन फक्त त्या एका पानासाठी जपून ठेवतात. ते मशीन अपडेट करत नाहीत, नेटवर्कला मात्र जोडलेलं असतं. तो धोका इथे मिटतो, म्हणून पहिला अर्धा गुण त्यालाच.

पहिल्यांदा उघडल्यावर ब्राउझर लाल पान दाखवून घाबरवतो, कारण सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, सर्व्हरने स्वतःच बनवलेलं असतं. लोक ‘तरीही पुढे जा’ दाबतात आणि तीच सवय लागते. तसं करू नका. आपलं सर्टिफिकेट टाकायची सोय सेटिंगमध्ये आहे, फक्त ती ‘नेटवर्क’मध्ये नसून ‘सिस्टम’च्या आत तिसऱ्या टॅबमध्ये दडवलीय. आणि रिन्यू करायची आठवण कन्सोल देत नाही. बाहेरच्या अधिकृत संस्थेकडून सर्टिफिकेट घेतलं तर त्याची मुदत आता आणखी कमी कमी होत चाललीय, २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आणली होती आणि २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर न्यायचं ठरलंय, तेव्हा हाताने बदलत बसायची पद्धत टिकणारी नाही. ऑटोमॅटिक रिन्यूअल यात नाही. एक गुण इथे कापावा असं वाटलं होतं, पण आतल्या नेटवर्कवर आपलीच सर्टिफिकेट अथॉरिटी असेल तर निभावतं म्हणून सोडून दिलं.

आता मुख्य मुद्दा.

डॅशबोर्ड उघडला की कॅमेऱ्यांची यादी येते आणि प्रत्येकासमोर एक ठिपका. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गेला. बघायला एकदम छान, मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर लावला की सगळे खूश. पण हा हिरवा ठिपका नक्की काय तपासतो? तर कॅमेरा नेटवर्कवर उत्तर देतोय एवढंच. त्याचं व्हिडिओ सर्व्हरपर्यंत येतंय का, आलं तर ते डिस्कवर लिहिलं जातंय का, लिहिलं तर ते परत वाचता येतंय का, यातलं काहीही तो ठिपका सांगत नाही. आणि आपल्याला नेमकं तेवढंच हवं असतं! कॅमेरा जिवंत आहे हे कळून मी काय करू, उद्या कोणी परवाच्या रात्रीचं फुटेज मागितलं तर कॅमेरा जिवंत होता असं उत्तर द्यायचं का.

हे असंच एका ठिकाणी झालं. वीज गेली, यूपीएसने थोडा वेळ काढला, मग सर्व्हर धाडकन बंद पडला आणि वीज आल्यावर आपोआप चालू झाला. पण फाइल सिस्टममध्ये गडबड सापडल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टमने स्टोरेजचा व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरता जोडला. म्हणजे जुनं फुटेज दिसतंय, लाइव्ह दिसतंय, सगळे ठिपके हिरवे, सीपीयू मस्त कमी, आणि नवीन एक सेकंदही लिहिला जात नाहीये. कन्सोलने एक ओळ इव्हेंट लॉगमध्ये टाकली होती, तीही ‘माहिती’ या गटात, ‘चूक’ या गटात नाही. ज्या लॉगमध्ये दर मिनिटाला कोण लॉगिन झालं, कुठला कॅमेरा रिकनेक्ट झाला याच्या शेकडो ओळी येतात तिथे ती कोणाला दिसणार. ज्यांनी हे डिझाइन केलं त्यांनी रेकॉर्डिंग थांबणं ही ‘माहिती’ कशी काय मानली हे मला अजून उमगलेलं नाही, सपोर्टला विचारलं तर ‘हे अपेक्षित वर्तन आहे’ असं उत्तर आलं.

रेकॉर्डिंग थांबायची कारणं बरीच असतात आणि बहुतेकांत कॅमेरा ऑनलाइनच राहतो. डिस्क भरली आणि जुनं पुसायची परवानगी नाही. नेटवर्क स्टोरेजचा पासवर्ड बदलला आणि माउंट, म्हणजे सर्व्हरशी असलेली त्याची जोडणी, तुटला. शेड्यूल बदलताना कोणीतरी ‘फक्त मोशनवर’ (काही हललं तरच रेकॉर्ड) केलं आणि मोशनची संवेदनशीलता इतकी कमी की माणूस गेला तरी ट्रिगर होत नाही. कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि स्ट्रीमची सेटिंग फॅक्टरीची झाली, त्यामुळे सर्व्हर जो स्ट्रीम मागतोय तो अस्तित्वातच नाही. लायसन्सची संख्या संपली. आणि एक गमतीशीर, म्हणजे नंतर गमतीशीर वाटणारं, कॅमेऱ्याचं घड्याळ काही वर्षं मागे गेलं आणि सर्व्हरने कॅमेऱ्याची वेळ खरी मानून फुटेज जुन्या तारखेखाली टाकलं, मग जागा साफ करणाऱ्या प्रोसेसने ते जुनं समजून लगेच पुसूनही टाकलं.

यावर उपाय आहे आणि तो याच कन्सोलमध्ये आहे, म्हणून तर राग येतो. कॅमेऱ्यांच्या यादीत उजवीकडे वर कॉलम निवडायचा छोटा आयकॉन आहे, त्यात ‘शेवटची रेकॉर्ड झालेली फ्रेम’ नावाचा कॉलम मिळतो. बाय डिफॉल्ट बंद. तो चालू करा, त्यावर सॉर्ट लावा, जुनी वेळ सगळ्यात वर. सतत रेकॉर्डिंगवर असलेल्या कॅमेऱ्याची ही वेळ आत्तापासून फार तर एखाद मिनिट मागे असायला हवी. तास दिसला की उठा. मोशनवर चालणाऱ्यांचं अवघड आहे कारण रिकाम्या गोदामात रात्रभर काही हललंच नाही तर जुनी वेळ बरोबरच आहे, म्हणून महत्त्वाच्या जागांवर मी सतत रेकॉर्डिंगच ठेवतो, हवं तर रात्री फ्रेम रेट कमी करतो. हा एक कॉलम डिफॉल्टमध्ये चालू असता आणि हिरवा ठिपका त्यावर अवलंबून असता तर या रिव्ह्यूला मी डोळे झाकून साडेचार दिले असते.

एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने कन्सोलमधली माहिती काढायची सोय, आहे हे नशीब. त्यातून हीच वेळ काढून दर पाच मिनिटांनी तपासणारी छोटी स्क्रिप्ट आमच्या एका पोराने लिहिली, आता कन्सोलच्या ठिपक्यांकडे कोणी बघत नाही. पण ज्यांच्याकडे स्क्रिप्ट लिहिणारं कोणी नाही त्यांनी काय करायचं? रोज सकाळी प्रत्येक सर्व्हरवरचा एखादा कॅमेरा उघडून कालच्या रात्रीचं मिनिटभर फुटेज चालवून बघायचं, दुसरा मार्ग नाही. कंटाळवाणं आहे पण खात्रीचं आहे.

स्टोरेजचं पान मात्र आवडलं. सध्याच्या वेगाने किती दिवसांचं फुटेज मावेल हे ते सांगतं आणि आकडा बऱ्यापैकी खरा निघतो. हिशोब तसा सोपा आहे, एक कॅमेरा सरासरी ४ मेगाबिट प्रतिसेकंद पाठवत असेल तर दिवसाला साधारण ४३ जीबी, असे ६४ कॅमेरे म्हणजे दिवसाला पावणेतीन टीबीच्या आसपास, आणि ३० दिवस ठेवायचं तर ८३ टीबी, रेडमध्ये (एखादी डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) जाणारी जागा वेगळी. पण हा सरासरीचा खेळ आहे. रात्री अंधारात सेन्सरचा आवाज, म्हणजे ते दाणे दाणे, वाढले की व्हेरिएबल बिटरेटवरचा (चित्रानुसार सेकंदाला कमीजास्त डेटा पाठवणारा) कॅमेरा दिवसापेक्षा रात्री जास्त जागा खातो, पाऊस किंवा झाडाची हलती फांदी असेल तर विचारूच नका. कन्सोल मागच्या काही दिवसांची प्रत्यक्ष आकडेवारी घेऊन अंदाज बांधतो त्यामुळे हे सगळं त्यात येतं. कॅमेऱ्यानुसार कोण किती खातंय याची यादीही आहे, तिथे वरचे चार-पाच बघून बिटरेटला कमाल मर्यादा घातली की लगेच फरक दिसतो.

डिस्कच्या तब्येतीबद्दल मात्र अर्धवट. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते ते, आकडे दाखवतो, पण रेड कंट्रोलरच्या मागे असलेल्या डिस्कचे दाखवत नाही, आणि खऱ्या सर्व्हरवर डिस्क कंट्रोलरच्या मागेच असतात की राव. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली आणि कळलं नाही, तर दुसरी जाईपर्यंत सगळं हिरवंच दिसणार. कंट्रोलरचं स्वतःचं मॉनिटरिंग वेगळं लावा, यावर विसंबू नका. आणि मोठ्या डिस्क असतील तर रेड ६ करा, रीबिल्डला इतका वेळ लागतो की त्या काळात दुसरी डिस्क दगावणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही, त्यात इकडे चोवीस तास लिहिणं चालूच असतं.

लाइव्ह व्ह्यूबद्दल थोडं, कारण त्यावरून लोक सर्व्हरला उगाच शिव्या घालतात. कॅमेरा बोलतो आरटीएसपी ही व्हिडिओ पाठवायची भाषा, ती ब्राउझरला कळत नाही, त्यामुळे मध्ये सर्व्हरला भाषांतर करावं लागतं. या कन्सोलमध्ये दोन पर्याय आहेत, वेबआरटीसी आणि एचएलएस. एचएलएसमध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात त्यामुळे चित्र बरंच मागे असतं, नुसतं बघायला ठीक, पण फिरणारा कॅमेरा त्यावरून हलवायला गेलात तर बटण दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं, आणि मग कॅमेरा भिंतीकडे तोंड करून बसला. वेबआरटीसीवर उशीर सेकंदाच्या आत. डिफॉल्ट एचएलएस आहे, आधी ते बदला. फक्त फायरवॉलवाल्यांना आधी सांगा, कारण वेबआरटीसी सहसा यूडीपीवर चालतं आणि तो मार्ग बंद असला की पान नुसतंच गोल गोल फिरत राहतं, कारण सांगत नाही.

दुसरी भानगड एच.२६५ ची, म्हणजे एच.२६४ पेक्षा व्हिडिओ जास्त दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटची. जागा वाचते म्हणून सगळे कॅमेरे एच.२६५ वर टाकायचा मोह होतो, रेकॉर्डिंगसाठी बरोबरच आहे, पण ब्राउझरला तो झेपेल याची खात्री नसते. क्रोमने २०२२ मध्ये १०७ व्या व्हर्जनपासून तो घेतला खरा, पण मशीनच्या हार्डवेअरमध्ये डिकोडर असेल तरच. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर दिसतं आणि गेटवरच्या जुन्या पीसीवर काळा चौकोन, आणि फोन मला. अशा वेळी कन्सोल सर्व्हरवरच व्हिडिओ बदलून द्यायला लागतो आणि सीपीयू एकदम छताला. उपाय म्हणजे मुख्य स्ट्रीम एच.२६५ ठेवा, पण सबस्ट्रीम (कॅमेरा सोबत पाठवतो तो दुसरा स्ट्रीम) लहान साइझचा आणि एच.२६४ चा ठेवा, ग्रिडमध्ये सबस्ट्रीमच वापरा. ग्रिडच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप’ असा पर्याय आहे तो नीट चालतो, चौकोन मोठा केला की मुख्य स्ट्रीम, लहान केला की सब.

ग्रिडमध्ये सहा कॅमेरे येतात आणि सातवा येत नाही, असं कोणाला दिसलं तर गोंधळू नका. साध्या एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका सर्व्हरशी एकावेळी सहाच कनेक्शन ठेवतात, आणि प्रत्येक चौकोनाने एक कनेक्शन अडवून ठेवलं की बाकीचे रांगेत, कधीकधी तर लॉगआउटचं बटणही रांगेत. एचटीटीपी २ चालू केलं की सुटतं. ते चालू करायला एक चेकबॉक्स आहे. तो आधीपासून चालू का नसतो हे कंपनीलाच माहीत.

आणि ब्राउझरला व्हिडिओ वॉल समजू नका. सोळा चौकोनांची टॅब रात्रभर चालू ठेवली की सकाळी मेमरी इतकी फुगलेली असते की माउस हलत नाही. कंट्रोल रूमसाठी त्यांचा डेस्कटॉप क्लायंटच ठेवा, वेब कन्सोल आपल्यासारख्यांसाठी.

नवीन कॅमेरा जोडणं सोपं आहे, नेटवर्क स्कॅन करतो, सापडलेले दाखवतो, ऑनव्हिफवाले बहुतेक सगळे उचलतो. ऑनव्हिफ हे २००८ मध्ये अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केलेलं, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून. पण ‘ऑनव्हिफ आहे’ एवढ्यावर खरेदी करू नका, प्रोफाइल (ऑनव्हिफमधल्या कुठल्या सोयी मिळतात ते सांगणारा गट) कुठलं ते बघा, एच.२६५ आणि नीट मोशन इव्हेंट हवे असतील तर प्रोफाइल टी. आणि पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही कन्सोल ‘लॉगिन चुकलं’ म्हणत असेल तर आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये पासवर्डसोबत वेळही मिसळून पाठवतात, कॅमेऱ्याच्या आणि सर्व्हरच्या वेळेत मोठा फरक असला की कॅमेरा लॉगिन नाकारतो. हे कन्सोल सांगत नाही, लोक कॅमेरा रीसेट करत बसतात, रीसेट केल्यावर घड्याळ आणखीच मागे. सगळ्या कॅमेऱ्यांना सर्व्हरचाच एनटीपी (घड्याळ जुळवून घ्यायची सोय) द्या, कन्सोलमधून एकगठ्ठा देता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

एकगठ्ठा कामं हीच या कन्सोलची खरी ताकद आहे असं मी म्हणेन. शंभर कॅमेरे निवडा, पासवर्ड बदला, फ्रेम रेट बदला, फर्मवेअर टाका, नावं एक्सेलमधून इंपोर्ट करा. फर्मवेअरला टप्पे पाडता येतात, आधी पाच कॅमेरे, ते परत आले तरच पुढचे. हे ज्याने डोक्यातून काढलं त्याने फील्डवर काम केलेलं असणार, नक्की. पासवर्डचं तर विशेष, प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा लांब पासवर्ड देऊन तो सर्व्हरच्या तिजोरीत ठेवतो, आपल्याला पाठ करायची गरज नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या टोळीने) कॅमेरे आणि डीव्हीआर कसे काबीज केले होते, तर फॅक्टरीतून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून, बस्स, काही हुशारी नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच उपकरणांच्या जोरावर डाइन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास गडगडल्या. इतकं होऊनही अजून अॅडमिन-१२३४५ वाले कॅमेरे दिसतातच.

युजर आणि अधिकार ठीकठाक. ग्रुप करता येतात, कॅमेऱ्यानुसार परवानगी देता येते, लाइव्ह बघू दे पण मागचं नको, मागचं बघू दे पण एक्स्पोर्ट नको, असं बारीक करता येतं. ऑफिसच्या डिरेक्टरीशी जोडता येतं म्हणजे माणूस नोकरी सोडून गेला की लॉगिन तिथूनच बंद. दोन टप्प्यांचं लॉगिन आहे पण फक्त अॅपच्या कोडचं. खटकलेली गोष्ट म्हणजे सगळ्यात वरचा अॅडमिन सगळ्या जागांचे सगळे कॅमेरे बघू शकतो आणि ते बंद करता येत नाही. मला सर्व्हर सांभाळायचाय, लोकांच्या खोल्यांत डोकवायचं नाही, मग मला व्हिडिओ दिसायचं कारणच काय? सर्व्हरचा अॅडमिन आणि व्हिडिओचा अॅडमिन वेगळे हवेत. मार्च २०२१ मध्ये एका क्लाउड कॅमेरा कंपनीत बाहेरच्या लोकांनी घुसून शाळा, हॉस्पिटल, कारखाने, तुरुंग मिळून दीड लाखाच्या आसपास कॅमेऱ्यांपर्यंत मजल मारली अशी बातमी जगभर गाजली होती, तिथेही हाती लागलेलं लॉगिन सगळ्यात वरच्या अॅडमिनचंच होतं. एका किल्लीत सगळं उघडत असेल तर ती किल्ली कितीही जपली तरी कमीच.

ऑडिट लॉग आहे, कोणी कधी कुठला कॅमेरा बघितला, काय एक्स्पोर्ट केलं, सगळं. पण तो लॉग अॅडमिन पुसू शकतो. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच हातात खोडरबर. सिसलॉगने बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची सोय आहे, ती पहिल्या दिवशीच लावून टाका.

कन्सोल थेट इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही, हे लिहायची गरज नाही असं वाटतं पण आहे. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून ‘घरून पण दिसतं बघ’ म्हणणारे भेटतातच. व्हीपीएनमधून या.

प्लेबॅक आणि एक्स्पोर्ट पटकन सांगतो. टाइमलाइन छान सरकते, चित्रातला एक भाग निवडून तिथे कधी काय हललं ते शोधता येतं, हे खरंच वेळ वाचवतं. एक्स्पोर्टवर डिजिटल सही केलेली असते आणि सोबत प्लेयर येतो, तपासाला द्यायला तेच द्या, नुसतं एमपी४ दिलं की नंतर ‘यात काही बदललं नाही कशावरून’ हा प्रश्न येतो. मोठा एक्स्पोर्ट ब्राउझर बंद केला की मध्येच मरतो, तेवढं लक्षात ठेवा. सर्व्हरवर मागे चालू राहायला हवा होता.

अलर्टचं मात्र डोकं फिरवणारं. एक स्विच पडला आणि त्यावरचे चाळीस कॅमेरे गेले तर चाळीस ईमेल, परत आले की आणखी चाळीस. एकत्र करायची सोय नाही. आठवडाभरात माणूस त्या ईमेलना फोल्डर करून टाकतो आणि मग खरी बातमी त्याच फोल्डरमध्ये पडून राहते. ब्राउझरमधले पॉपअप तर अजिबात भरवशाचे नाहीत, कारण कन्सोल ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारत राहतो आणि पाठीमागे पडलेल्या टॅबचा टायमर क्रोम काही मिनिटांनी मिनिटाला एकदा एवढ्यावर आणून ठेवतो. म्हणजे तुम्ही दुसऱ्या टॅबमध्ये काम करत असाल तर अलार्म मिनिटभर उशिरा वाजू शकतो. आग किंवा घुसखोरीसाठी मिनिट फार झालं. वेबहुक, म्हणजे काही घडताच दुसऱ्या सिस्टमला कळवायची सोय, आहे, तो एखाद्या वेगळ्या अलर्ट सिस्टमला जोडा आणि तिथे एकाच प्रकारचे एकत्र करा.

मोबाइलवर उघडतं, सर्व्हर रीस्टार्ट करण्यापुरतं चालतं, जास्त अपेक्षा नको. टेबल आडवं सरकवताना चुकून कॅमेरा डिसेबल होतो की काय अशी भीती वाटत राहते, कारण तो स्विच अगदी अंगठ्याखाली येतो आणि कन्फर्म विचारत नाही.

फेलओव्हर सर्व्हर घेतलाय तो चालतो. मुख्य सर्व्हर पडला की दुसरा अर्ध्या-एक मिनिटात कॅमेरे उचलतो, मधला तुकडा जातो. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर तो तुकडा नंतर भरून घेता येतो, पण ते प्रत्येक कॅमेऱ्याला चालू करावं लागतं आणि सगळेच कॅमेरे त्याला दाद देत नाहीत. मुख्य सर्व्हर परत आला की फुटेज आपोआप एकत्र दिसतं, टाइमलाइनवर वेगळा रंग येतो, हे आवडलं.

अपग्रेड ब्राउझरमधूनच होतं, फाइल चढवा आणि थांबा. मागे जायचं बटण नाही. म्हणून आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप काढा, आणि तो सर्व्हरवरच पडून राहत नाही ना ते बघा, कारण डिफॉल्ट जागा त्याच डिस्कवर आहे. बॅकअपमध्ये कॅमेऱ्यांचे पासवर्ड येतात पण फक्त बॅकअप काढताना वेगळा पासफ्रेज दिला तरच, नाही दिला तर रिस्टोअर केल्यावर सगळे कॅमेरे लॉगिन मागत उभे. हे मॅन्युअलमध्ये आहे, फार आत आहे.

कोणी घ्यावं? एकच सर्व्हर आणि दहा-पंधरा कॅमेरे असतील तर हा पसारा नको, साधा रेकॉर्डर पुरतो. चार-पाच सर्व्हरच्या पुढे असाल, हाताशी थोडंफार स्क्रिप्ट लिहू शकणारं कोणी असेल, तर घ्या, एकगठ्ठा कामांसाठीच वसूल होतं. घेण्याआधी डेमो मागाल तेव्हा विक्रेता तुम्हाला सुंदर नकाशा आणि चेहरा ओळखणं दाखवेल, ते बघून घ्या हवं तर, पण मग त्याला सांगा की चालू सर्व्हरचं स्टोरेज आत्ता इथे माझ्यासमोर अनमाउंट कर, आणि पाच मिनिटं डॅशबोर्डकडे बघत बसा.